रायफलीचा दस्ता

१९४८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेच्या कित्येक पिढ्यांनी जिच्यासह कवायत केली, ती ‘थ्री नॉट थ्री’ म्हणजे ली-एनफील्ड रायफल. दुसऱ्या महायुद्धानंतर फौजेतून निघालेल्या अशा असंख्य रायफली अमेरिका व कॅनडात स्वस्तात विकल्या गेल्या. वजन कमी करण्यासाठी शिकाऱ्यांनी त्यांचे पुढचे लाकूड कापून टाकले. आज तेथील संग्राहक त्यांना मूळ रूप देण्यासाठी दस्ते शोधतात. परंतु दस्ता निवडावा तो रूपावरून नव्हे, मापावरून.

या रायफलीचे लाकूड दोन भागांचे असते. खांद्याकडचा मागचा दस्ता सैनिकाच्या बांध्यानुसार चार लांबींत बनत असे. आखूड दस्त्यावर ‘एस’, लांबावर ‘एल’, तर सर्वांत आखूडावर ‘बी’ हे अक्षर असे.

पुढचा भाग अधिक नाजूक. गोळी सुटताच बसणारा धक्का त्यातील दोन लहान टेकू झेलतात. ते सारखे टेकले नाहीत, तर नेम बिघडतो आणि लाकूड चिरते. म्हणूनच ऑस्ट्रेलियातील लिथगोच्या कारखान्याने तेथे तांब्याच्या पट्ट्या बसविल्या. आपल्या ईशापूरच्या कारखान्याने मजबुतीसाठी जादा स्क्रू घातला.

१९०७ च्या नमुन्यात मागचा दस्ता काढण्यापूर्वी पुढचा भाग उतरवावाच लागतो. अन्यथा आतील बोल्टचे चौकोनी टोक फिरून तो दुभंगतो. दुर्बीण बसविण्यासाठी पोलादाला भोके पाडणे तर टाळावेच. लाकूड पुन्हा मिळू शकते. पोलादावरची ती खूण मात्र कायमची राहते.