बोहाड्याचीं सोंगें

श्रोतेहो, मुखवटा म्हटला कीं आपणांस प्रथम कपट आठवतें. ‘त्याचा मुखवटा गळून पडला’ असें आपण म्हणतों, तेव्हां खरें रूप दडविण्याचें साधन म्हणजे मुखवटा, असेंच धरून चालतों. परंतु जेथें मुखवट्याला अजून मान आहे, तेथें त्याचा अर्थ अगदीं उलट आहे.

जव्हार व मोखाडा हे डोंगराळ तालुके २०१४ सालीं ठाणें जिल्ह्यापासून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यांत आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी इत्यादि आदिवासींची तेथें वस्ती. होळीनंतर, पावसाळ्याची चाहूल लागण्यापूर्वीं, तेथील गांवोगांवीं बोहाडा नांवाचा उत्सव भरतो. रात्रीं संबळ व पिपाणी वाजूं लागते, टेंभे पेटतात आणि एकामागून एक सोंगें निघतात. आरंभीं गणपति, मग राम, रावण, नरसिंह, भीम इत्यादि, आणि शेवटीं देवी महिषासुराचें पारिपत्य करिते.

हे मुखवटे पूर्वीं लांकडाचे कोरीत. पुढें कागदाचे होऊं लागले. मातीचा साचा करून त्यावर कागदाचे थर चिकटवीत जावयाचें, ते वाळले कीं साचा काढून घ्यावयाचा आणि मग रंग द्यावयाचा. असा मुखवटा हलका होतो, आणि रात्रभर नाचणाऱ्यास हलकेपणाचें मोल फार. रंग भडक कां, वटारलेले डोळे एवढे मोठे कां, असें दिवसाच्या उजेडांत आपणांस वाटेल. परंतु टेंभ्याच्या हलत्या प्रकाशांत, दूर बसलेल्या माणसास, नाजूक रेषा दिसतच नाहींत.

मुखवटा चढविला कीं चेहऱ्याचा अभिनय संपला. क्रोध असो वा आनंद, रंगविलेलें तोंड तेंच राहतें. मग भाव कोठून यावयाचा? तो पावलांतून, खांद्यांतून, मानेच्या झोकांतून यावा लागतो. संबळाचा ठेका बदलला कीं चाल बदलते, आणि पाहणारास वाटतें कीं मुखवट्याची मुद्राच पालटली! कोंकणच्या दशावतारांतहि गणपति मुखवटा घालून येतो. परंतु तेथें पुढील बहुतेक पात्रें रंगविलेल्या चेहऱ्यानें व मुखानें बोलतात. बोहाड्यांत मुख्य बोलणें देहाचें.

कोणतें सोंग कोणीं घ्यावयाचें, हें पुष्कळ गांवीं घराण्यांवरून ठरलेलें असतें. बाप थकला कीं मुलानें उभें राहावयाचें. सोंग घेतलेल्या शेजाऱ्यास लोक हात जोडतात. कारण त्या वेळीं तो शेजारी नसतो, देव असतो. आपल्याकडे सोंग म्हणजे खोटेपणा. तिकडे सोंग म्हणजे घराण्याचें कर्तव्य.

अलीकडे हे मुखवटे शहरांतील दिवाणखान्यांतहि दिसतात. त्यांतून कारागिरास चार पैसे मिळतात, ही गोष्ट चांगलीच. परंतु याच तालुक्यांतील कित्येक कुटुंबें पोटासाठीं वीटभट्ट्यांवर व शहरांकडे जातात. गेलेला मुलगा बोहाड्यास परतला नाहीं, तर मुखवटा उरेल, सोंग मात्र जाईल. भिंतीवरचा मुखवटा पाहतांना, श्रोतेहो, एवढें ध्यानांत ठेवावें कीं त्याचा अर्धा भाग अजून त्या डोंगरांत, कोणाच्या तरी पावलांत आहे.