कुलूप कुठे लावायचे?

जनावरांच्या बाजारात अजूनही एक जुनी रीत पाहायला मिळते. बैलाचा भाव तोंडाने बोलायचा नाही. दलाल आणि घेणारा एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल किंवा उपरण्याचे टोक टाकतात आणि आत बोटे दाबून हजार-पाचशेचा हिशेब होतो. भोवती माणसांचा गराडा असतो, पण भाव दोघांनाच ठाऊक! धंद्यातले गुपित राखण्याची ही आपल्याकडची बहुधा सर्वांत स्वस्त युक्ती. एक रुमाल पुरतो.

आता तेवढ्याने भागत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या जिनिंगवाल्यांची, डाळ मिलवाल्यांची आणि दुकानदारांची हिशेबाची कामे मी गेली पंचवीस वर्षे करतो आहे. पूर्वी चोरी म्हटले की मालक सरकीच्या पोत्यांची नाही तर डिझेलची गोष्ट सांगत. हल्ली एका कृषी केंद्राच्या मालकांनी मला सांगितले ते वेगळेच होते. म्हणाले, ‘‘काहीच गेलं नाही साहेब, अन् सगळंच गेलं!’’

झाले होते असे. त्यांच्याकडे संगणकावर बसणारा मुलगा नोकरी सोडून गेला. महिनाभरात त्यांच्या गिऱ्हाइकांना दुसऱ्याच दुकानातून फोन येऊ लागले. ‘काका, गेल्या वर्षी तुम्हाला कपाशीची सात पाकिटे लागली होती ना? उधारी किती राहिली तेही माहीत आहे, आपण काहीतरी जमवू.’ कोणाचे शेत किती, कोण दिवाळीनंतर पैसे देतो, कोण बुडवतो, सगळी कुंडली त्या दुकानात पोहोचली होती. बैल चोरीला गेला तर गोठा रिकामा दिसतो. यादी चोरीला गेली तर ती जागच्या जागीच असते, आणि दोन ठिकाणी असते.

वास्तविक कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातील माहितीची अप्रामाणिकपणे नक्कल करणे हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण गुन्हा सिद्ध कसा करायचा? या दुकानातला पासवर्ड भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेनने लिहिलेला होता. मालक, त्यांचा पुतण्या, तीन नोकर आणि अधूनमधून कंपनीचा प्रतिनिधी, सगळे त्याच एका नावाने संगणक उघडत. मग नक्कल कोणी केली? संगणक सांगत होता, मालकांनी!

हा प्रश्न फक्त दुकानांचा नाही. आपल्या कापसाच्या मुलखात सर्वांत मोलाचे गुपित तर उघड्या आभाळाखाली उभे असते. संकरित कपाशीचे पाकीट शेतकरी विकत घेतो, तेव्हा त्यामागे दोन वाण असतात, एक मादी आणि एक नर. संध्याकाळी मादी वाणाच्या कळ्यांतील पुंकेसर हाताने खुडायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे फूल आणून त्याचे पराग तिथे फिरवायचे, असे हे काम एकेका फुलावर चालते. बहुतेक ठिकाणी ते स्त्रियांच्या बोटांनी होते. कोणत्या मादीला कोणता नर, हीच बियाणे कंपनीची खरी पुंजी. ही जोडी सापडायला वर्षानुवर्षे जातात. चोरायला मात्र मूठभर बी पुरते. म्हणून कंपन्या बीजोत्पादक शेतकऱ्याला वाणाचे नाव सांगत नाहीत, नुसता आकडा देतात.

अशी मूठभर बी चोरायला माणसे किती लांब जातात, याची एक गोष्ट अमेरिकेत घडली. २०११ साली आयोवा राज्यातल्या एका मक्याच्या शेतात कंपनीच्या माणसाला एक गृहस्थ गुडघे टेकून माती उकरताना दिसला. तिथे प्रयोगासाठी नर-मादी वाणांची लागवड होती. एफबीआयने त्यावर दोनेक वर्षे पाळत ठेवली. पुढे त्याच्या साथीदारांच्या सामानात मक्याच्या लाह्यांची खोकी सापडली. वर लाह्यांच्या पिशव्या, खाली शेकडो छोट्या लिफाफ्यांत बियाणे! बी जायचे होते चीनमधल्या एका बियाणे कंपनीकडे. २०१६ मध्ये त्या गृहस्थाने गुन्हा कबूल केला आणि त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याकडे चित्र तेवढे सरळ नाही. ‘ब्रह्मा’ हे कपाशीचे नाव विदर्भातल्या शेतकऱ्याला नवे नाही. त्या वाणाच्या कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध दावा लावला. आमच्या बियाण्याच्या डीएनएची रचना ही आमची कॉपीराइट असलेली कृती आहे आणि आमचे गुपित पळवले आहे, असे तिचे म्हणणे होते. २०११ मध्ये न्यायालयाने मनाईहुकूम नाकारला. बियाणे म्हणजे पुस्तक नव्हे. त्यासाठी पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ वेगळा आहे, असा त्याचा मथितार्थ. मला हा निकाल पटतो. नाही तर उद्या बांधावर पडलेले बी उचलणाऱ्यालाही कोणी चोर ठरवेल.

मग मालकाने करावे तरी काय? याचे एक उत्तर महाराष्ट्रातल्याच जुन्या खटल्यात आहे. कल्याणच्या सेंच्युरी कंपनीने टायरमध्ये लागणाऱ्या धाग्याचे तंत्र १९६१ मध्ये हॉलंड आणि जर्मनीतल्या कंपन्यांकडून पैसे मोजून घेतले होते, तेही गुप्त राखण्याच्या अटीवर. १९६३ मध्ये एका शिफ्ट सुपरवायझरला पाच वर्षांच्या कराराने घेऊन हे काम शिकवले. त्याने दुसऱ्याच वर्षी नोकरी सोडली आणि कोट्याच्या रेयॉन कारखान्यात रुजू झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६७ मध्ये न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, पण मोजूनमापून. कराराची पाच वर्षे संपेपर्यंत त्याने तशाच कामाची नोकरी दुसरीकडे करायची नाही, एवढाच तो बांध होता.

हे मोजमाप महत्त्वाचे आहे. आपल्या १८७२ च्या करार कायद्यानुसार, नोकरी संपल्यावर माणसाला पोट भरण्यापासून अडवणारी अट सर्वसाधारणपणे टिकत नाही. हातातले कसब कामगाराचे, कागदावरचे सूत्र कंपनीचे, अशी ही वाटणी. जिनिंगच्या फिटरला रोलर कसा लावावा हे कळते, ते तो जाईल तिथे घेऊन जाणारच. गिऱ्हाइकांची यादी मात्र त्याची नाही. अनेक मालकांना ही रेघ दिसत नाही. सोडून जाणारा प्रत्येक जण त्यांना चोरच वाटतो. सात-आठ हजारांवर मुलाला राबवायचे, सगळ्या चाव्या त्याच्याच हाती द्यायच्या आणि वर निष्ठेची अपेक्षा धरायची, हा हिशेब मला कधीच जुळलेला दिसला नाही.

सगळेच चोर नसतात, याचा दाखला नागपुरात मिळाला. ब्रह्मोस एरोस्पेस या क्षेपणास्त्र बनवणाऱ्या कंपनीच्या नागपुरातील एका तरुण अभियंत्याला ऑक्टोबर २०१८ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. परदेशी नोकरीचे आमिष दाखवणाऱ्या खोट्या खात्यांवरून त्याच्या संगणकात माहिती चोरणारे सॉफ्टवेअर शिरले, असे तपास यंत्रणांचे म्हणणे होते. २०२४ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने जन्मठेप दिली. डिसेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याला हेरगिरीच्या आरोपांतून मुक्त केले. उरला तो एकच दोष, गोपनीय कागद स्वतःच्या खासगी संगणकात ठेवून पुरेशी काळजी न घेतल्याचा. त्याची तीन वर्षांची शिक्षा कायम राहिली. नुसत्या निष्काळजीपणालाही कायद्यात शिक्षा आहे.

व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये २८९ व्या अहवालात तसा कायदा सुचवला आणि मसुदाही दिला. तोवर जुन्या निकालांवरच भिस्त आहे, आणि तिथे प्रश्न येतो तो हाच. गुपित म्हणता, पण ते गुपितासारखे वागवले होते का? त्या कृषी केंद्रात आम्ही केले ते बिनखर्चाचे होते. प्रत्येकाला वेगळे नाव, वेगळा पासवर्ड. विक्री करणाऱ्याला फक्त बिल दिसेल, उधारीचे खाते नाही. यादीची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्यायची सोय बंद. नोकरी सोडताना हिशेबाबरोबर पासवर्डही परत, त्याच संध्याकाळी. आणि कामावर घेतानाच एका पानावर लिहून सही, दुकानाचे काय आणि तुझे काय.

एक गोष्ट मात्र मालकांना पटवायला मला सर्वांत कष्ट पडले. ती यादी नेमकी कोणाची? त्यांची म्हणावी, तर तिच्यात सातबारे शेतकऱ्यांचे, आधार क्रमांक शेतकऱ्यांचे, बँक खाती शेतकऱ्यांची. चोरी दुकानाची झाली, उघडा पडला तो शेतकरी. कोणावर किती देणे आहे ही आमच्याकडे घरातल्या घरात दबक्या आवाजात बोलायची गोष्ट. ती फोनवरून तिऱ्हाइताने ऐकवावी? २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात योग्य सुरक्षा न ठेवणाऱ्याला अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधनांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. आकडा ऐकून मालक हसले. एवढी तर साऱ्या बाजारपेठेची उलाढाल नाही!

हा कायदा संगणकातल्या माहितीपुरता आहे, कागदाला लागू नाही. परवा बसस्थानकाजवळ गाडीवर आलूबोंडे घेतले. ज्या कागदात बांधून मिळाले, तो एका पीक कर्जाच्या अर्जाची झेरॉक्स होता. नाव, गाव, खाते क्रमांक, अंगठा. तेलाच्या डागातूनही सारे स्वच्छ वाचता येत होते. मी गाडीवाल्याला विचारले, हे कुठून आणता?

‘‘रद्दीवाला किलोनं देते साहेब,’’ तो म्हणाला, ‘‘वाचून थोडी देते?’’