आत काय ठेवायचं

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात १८२७ सालचे काही कागद आहेत: सरफोजी राजांकडे आलेल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी. राजांना वैद्यकाचा भारी नाद. धन्वंतरी महाल त्यांनीच उभारला. डोळ्यांच्या कामात मॅकबीन नावाचे गोरे डॉक्टर सोबतीला असत.

मोतीबिंदूवर आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे सुई. बुबुळाच्या कडेला टोचायची आणि गढूळ भिंग खाली ढकलायचं. छेद टोचणीएवढा, आणि जमलं तर म्हातारा तिथल्या तिथे समोरची बोटं मोजू लागे. पण भिंग डोळ्यातच राही. पुढे कधी डोळा सुजे, कधी काचबिंदू होऊन आलेली नजर पुन्हा जाई.

छेद लहान असला तरी प्रश्न उरतो तो आत काय ठेवलं याचा. गुदाशयाच्या कर्करोगाच्या दुर्बिणीतल्या शस्त्रक्रियेबद्दलही लोक बोलतात ते छेदाबद्दलच. जुना वाद मात्र गुदाशयाला आणि डाव्या आतड्याला रक्त पोचवणाऱ्या धमनीचा आहे: ती कुठे बांधायची. १९०८ साली इंग्लंडमध्ये शल्यविशारद माइल्स यांनी पोटातून आणि खालून, अशा दोन्ही बाजूंनी गुदाशय काढण्याची पद्धत मांडली. धमनी बांधली ती डाव्या आतड्याकडे जाणारी फांदी सोडून, तिच्या पलीकडे. त्याच वर्षी दुसरे शल्यविशारद मॉयनिहन म्हणाले, महाधमनीतून निघते तिथे मुळाशीच बांधा, म्हणजे तिथल्या लसिकाग्रंथीही निघतील. ऐकायला बिनतोड.

फक्त मूळ बांधलं, की डाव्या आतड्याला रक्त पोचतं ते वरून, आतड्याच्या कडेकडेने जाणाऱ्या बारीक वाटेने. चाळिशीत ती सहसा पुरते. पंचाहत्तरीत धमन्या कडक झालेल्या, त्यात मधुमेह, आयुष्यभराची विडी. अशा वेळी गुदाशय काढल्यावर आतड्याची टोकं शिवून केलेल्या जोडाला रक्त कमी पडलं आणि तो सुटला, तर मळ पोटात झिरपतो. वयस्क माणूस त्यातून उठेलच असं नाही.

पुढे शस्त्रक्रियेची रीतही बदलली. १९८२ मध्ये शल्यविशारद हील्ड यांनी गुदाशयाभोवतीचं चरबीचं वेष्टण अखंड काढायला शिकवलं. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, देशात पहिल्यांदा. मोठ्या आतड्याची पाळी अमेरिकेत लगोलग आली. दुर्बिणीची खरी कमाई, माझ्या मते, दिसणं. पडद्यावर धमनी करंगळीएवढी दिसते. तिच्यावरची चरबी आणि ग्रंथी संत्र्याच्या शिरा सोलाव्यात तशा सोलता येतात. डावी फांदी उघडी, धडधडती राहते आणि तिच्या पलीकडे क्लिप बसते. म्हणजे ग्रंथीही निघाल्या, रक्तही राहिलं.

फांदी राखल्याने जोड कमी सुटतात का, यावर सगळ्या चाचण्यांचं एकमत नाही. काहींत फरक दिसला, काहींत नाही. कर्करोगातून वाचण्याच्या प्रमाणात मात्र फांदी राखल्याने तोटा सहसा दिसलेला नाही. वेळ थोडा जास्त लागू शकतो, आणि डोकं खाली, पोटात वायू भरलेला, अशा अवस्थेत थकलेल्या हृदयाला प्रत्येक मिनिट जड असतं. त्यामुळे भूलतज्ज्ञाचं लक्ष घड्याळाकडे.

हल्ली काही ठिकाणी जोडण्याआधी शिरेतून हिरवा रंग सोडतात आणि खास कॅमेऱ्यातून आतड्याचं टोक पाहतात. उजळलं तर टाके. अंधारं राहिलं तर उजळ भाग लागेपर्यंत आणखी दोन बोटं कापतात.