अल्पमुदतीच्या भाड्याची सदनिका आणि प्रवाशाची जबाबदारी : बार्सिलोना व गोवा यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
प्रवासातील मुक्काम म्हणजे धर्मशाळा, लॉज किंवा नातेवाइकांचे घर, हे समीकरण मराठी समाजात दीर्घकाळ रूढ होते. २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे एअरबीएनबी ही कंपनी सुरू झाली आणि पुढील काळात अनोळखी व्यक्तीचे घर काही रात्रींसाठी भाड्याने घेण्याची पद्धत जगभर पसरली. लहान मुले, वृद्ध किंवा पथ्यपाणी सांभाळणारे रुग्ण यांच्यासह प्रवास करणाऱ्या कुटुंबांना स्वयंपाकघर असलेली सदनिका सोयीची ठरते, यात शंका नाही. तथापि हा व्यवहार केवळ प्रवासी आणि घरमालक या दोघांपुरता मर्यादित नसतो. त्या वस्तीतील रहिवासी हा त्यातील तिसरा, परंतु मत न विचारला जाणारा पक्ष होय. त्याचे हित ध्यानात घेऊन सदनिकेची निवड कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

घराचे निवासी रूप आणि व्यापारी रूप :
अशा भाडेव्यवहाराचे दोन प्रकार संभवतात. पहिल्या प्रकारात मालक स्वतः घरात राहून एखादी खोली पाहुण्यास देतो. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण सदनिका वर्षभर केवळ पर्यटकांसाठी राखली जाते. पहिल्या प्रकारात घर हे घरच राहते. दुसऱ्यात ते निवासी वापरातून बाहेर पडते. यामागील अर्थकारण सरळ आहे. समजा, एखाद्या सदनिकेस दरमहा २०,००० रुपये भाडे मिळते. तीच सदनिका हंगामात रात्रीला ३,००० रुपये दराने दिल्यास केवळ सात रात्रींत २१,००० रुपये मिळतात. देखभालीचा खर्च वजा जाता उरणारा नफाही मालकाला कायम भाडेकरूपासून परावृत्त करण्यास पुरेसा असतो. अनेक मालकांनी हाच मार्ग पत्करल्यास स्थानिकांसाठी घरे कमी पडतात व भाडी वाढतात.

बार्सिलोनाचा अनुभव :
स्पेनमधील बार्सिलोना शहरात पर्यटकांना सदनिका देण्यासाठी परवाना आवश्यक असतो. शहरातील अशा १०,१०१ सदनिकांच्या परवान्यांचे नूतनीकरण होणार नाही आणि नोव्हेंबर २०२८ पर्यंत या सदनिका निवासी वापरात परत आणल्या जातील, अशी घोषणा महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जून २०२४ मध्ये केली. दहा वर्षांत शहरातील घरभाडी ६८ टक्क्यांनी वाढल्याचे कारण त्यांनी दिले होते. पुढच्याच महिन्यात पर्यटनाच्या अतिरेकाविरुद्ध निघालेल्या मोर्चातील काहींनी उपाहारगृहांत बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडविल्या. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून निराळा मार्ग अवलंबिला. तेथे तीस दिवसांहून कमी मुक्कामासाठी नोंदणी, यजमानाची घरातील उपस्थिती आणि जास्तीत जास्त दोन पाहुणे अशी बंधने अमलात आली. वस्तीतल्या घराचा व्यापार अमर्याद असू नये, हे तत्त्व दोन्ही उपायांच्या मुळाशी आहे.

गोव्याची स्थिती :
मराठी पर्यटकाच्या दृष्टीने हा प्रश्न गोव्यात सर्वाधिक जवळचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या पंधरा लाखांहून कमी होती. २०२४ मध्ये तेथे आलेल्या पर्यटकांची संख्या मात्र एक कोटीहून अधिक होती. हणजुणे, कळंगुट, शिवोली ही पर्यटकप्रिय गावे असलेल्या बार्देश तालुक्याचा पाणीपुरवठा मोठ्या प्रमाणात अस्नोडा येथील जलशुद्धीकरण प्रकल्पावर आणि त्यास पाणी पुरविणाऱ्या, महाराष्ट्रातील दोडामार्ग तालुक्यातून येणाऱ्या तिळारी कालव्यावर अवलंबून आहे. कालव्यात बिघाड झाला की गावकऱ्यांच्या नळाचे पाणी आटते. त्यामुळे तरणतलाव असलेली सदनिका निवडणे ही केवळ ऐपतीची बाब उरत नाही. गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यानुसार पर्यटकांना निवास देणाऱ्यांनी पर्यटन खात्याकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे.

निवडीचे निकष :
१. नोंदणी : आरक्षणापूर्वी नोंदणी क्रमांक मागावा. तो देण्यास टाळाटाळ झाल्यास अन्य पर्याय शोधावा.
२. मालकाचे स्वरूप : मालक त्याच घरात वा आवारात राहत असल्यास त्या घरास प्राधान्य द्यावे. एकाच नावावर अनेक सदनिका आढळल्यास तो व्यवसाय समजावा. घरटंचाई असलेल्या शहरात त्यापेक्षा नोंदणीकृत हॉटेल अधिक उचित ठरते.
३. संस्थेची संमती : सदनिका सहकारी गृहनिर्माण संस्थेत असल्यास तेथे पर्यटकांना ठेवण्यास मुभा आहे काय, हे विचारावे. अन्यथा मालक व संस्था यांच्या वादात पाहुणा फाटकाबाहेर राहतो.
४. सुरक्षितता : बाहेर पडण्याचा मार्ग व अग्निशामक साधन पाहावे. बंद न्हाणीघरातील गॅस गीझर कार्बन मोनॉक्साइडमुळे प्राणघातक ठरू शकतो. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घरांच्या आतील कॅमेऱ्यांवर बंदी घातली आहे; असा कॅमेरा आढळल्यास तक्रार करावी.
५. व्यवहार : ज्या संकेतस्थळावर आरक्षण केले, तेथेच पैसे भरावेत. सवलतीच्या आमिषाने परस्पर पैसे पाठविल्यास संकेतस्थळाचे संरक्षण सामान्यतः मिळत नाही.
६. वर्तन : ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा हा काळ रात्रीचा मानला आहे. त्या वेळेत शांतता राखावी, ओला व सुका कचरा वेगळा ठेवावा आणि पाणी बेताने वापरावे.

समारोप :
एका प्रवाशाच्या विवेकाने शहराची घरभाडी उतरणार नाहीत. त्यासाठी कायदा व त्याची अंमलबजावणी हवी. परंतु बेकायदा सदनिकेला गिऱ्हाईक मिळत असेपर्यंत कायदाही दुबळाच राहतो. ती मागणी रोखणे प्रवाशाच्या हाती आहे. पाहुण्याचा मुक्काम चार रात्रींचा असतो, शेजाऱ्याचा मात्र आयुष्याचा. निवड करताना हा फरक ध्यानात ठेवणे, हीच जबाबदार प्रवासाची पहिली अट होय.