पोथी कुणाची?

मैत्रिणींनो, जव्हारचा पाऊस तुम्हाला काय सांगायचा! कपाटातल्या साड्यांनासुद्धा बुरशी धरते. म्हणून गणपतीनंतर जरा उघडीप मिळाली की आम्ही देवघरातली शिवलीलामृताची पोथी ओसरीवर सावलीत मोकळी करतो.

पोथी हाताने लिहिलेली. लाल कापडात बांधलेली, दोन लाकडी फळ्यांमध्ये ठेवलेली आडवी, सुटी पानं. काजळीची काळी शाई, अध्यायाची अखेर हिंगुळाने लाल. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप. ‘हरताळ फासणे’ आपण म्हणतो ना, ते इथूनच आलं!

शेवटच्या पानावर शके १७८२, लिहिणाऱ्याचं नाव आणि सासूबाईंच्या पणजोबांचं नाव. यंदा मोठे भाऊजी म्हणाले, “पोथी थोरल्या घरी हवी.” सासूबाई गप्पच बसल्या. रात्री मला म्हणाल्या, “अगं, ही मी मोखाड्याहून, माहेराहून आणली. आजीने आईला दिली, आईने मला. पण आमची नावं आहेत का कुठं तिच्यात?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लेक कॉलेजात शिकते. तिने मोबाईलवर एक चित्र दाखवलं. फ्रान्सची राणी जान देव्रो हिची प्रार्थनेची पोथी, साधारण १३२४ ते १३२८ या काळातली. राजा चौथा चार्ल्स याने ती राणीसाठी करवून घेतली. भाषा लॅटिन. दिवसाच्या कोणत्या प्रहरी कोणती प्रार्थना म्हणायची, ते त्यात लिहिलेलं. आकार जेमतेम नऊ बाय सहा सेंटिमीटर, म्हणजे तळहातावर मावेल एवढा! पानं दोनशे नऊ, पण कागदाची नव्हेत. जनावराचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, चौकटीवर ताणायचं आणि खरवडून पातळ करायचं, अशी ती पानं. चित्रं झां प्युसेल या चित्रकाराची, बहुतेक करड्या रंगात, रंगाचा हात अगदी हलका. आणि एका अक्षराच्या पोटात खुद्द राणी, हातात पोथी घेऊन गुडघे टेकून बसलेली.

सासूबाईंनी चष्मा पुसून ते चित्र दोनदा पाहिलं. “पुढं काय झालं पोथीचं?”

नवरा १३२८ साली गेला. राणी त्यानंतर चाळीसेक वर्षं जगली. १३७१ मध्ये ती वारली, तेव्हा तिच्या मृत्युपत्रात या चिमुकल्या पोथीची वेगळी नोंद होती: राजाने ती करवून घेतली, प्युसेलने रंगवली आणि आता ती पाचव्या चार्ल्स राजाला द्यावी. पुढे पोथीने बरेच हात पाहिले. १९५४ पासून ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे आहे. पण आजही तिला ओळखतात ते राणीच्याच नावाने. कारण पोथी कुणाची आणि कुणाला द्यायची, हे लिहून ठेवलेलं होतं.

“मग आपणही लिहू,” सासूबाई म्हणाल्या.

पोथीच्या पानावर मात्र आम्ही काही लिहिलं नाही. जुन्या पानावर पेन चालवू नये, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतही ठेवू नये, आत दमट होतं. स्वच्छ सुती कापड बरं. वेगळ्या कागदावर सासूबाईंनी आधी आजीचं, मग आईचं, मग स्वतःचं नाव घातलं आणि खाली लिहिलं, ‘माझ्यानंतर नातीला.’ कागद बांधणीच्या कापडात ठेवला. भाऊजींनी वाचला. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “श्रावणात वाचायला तरी द्याल ना?”

केंद्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मोहीम जाहीर केली. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद आणि जतन करायचं, त्यात खासगी संग्रहही आले. आपल्या घरची पोथी त्या यादीत जाईल तेव्हा जाईल. त्याआधी ती सांभाळणाऱ्या बायकांची नावं तरी घरात लिहिलेली असू देत. तुमच्या देवघरात आहे का अशी एखादी पोथी? मग आजच सासूबाईंना, आईला विचारा, ती कुणाकडून आली. त्या सांगतील, तोवर लिहून घ्या.