चूक स्वतःचा पत्ता सांगते

तेरीज जुळत नाही आणि फरक २,७०० रुपयांचा आहे. अशा वेळी मुरलेला हिशेबनीस लगेच नोंदी चाळायला बसत नाही. तो आधी फरकाला नऊने भागून बघतो. भाग जातो, ३०० येतात. म्हणजे कुठेतरी शेजारचे दोन आकडे उलटे पडले असण्याची दाट शक्यता आहे. ते हजार आणि शेकड्याच्या घरातले असावेत आणि त्यांच्यात तीनचं अंतर असावं. ७,४५० च्या जागी ४,७५० असं काही झालंय का, एवढंच आता शोधायचं. शेजारच्या आकड्यांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नवाच्या पटीतच येतो, कारण दहापट आणि एकपट यांच्यातलं अंतर नऊपट असतं. आणि फरक निम्मा करून पाहायचा तो वेगळ्या शंकेने: तेवढ्या रकमेची एखादी नोंद जमेऐवजी नावे तर पडली नाही?

चूक आपला पत्ता सोबत घेऊन येते, हे मला दर वेळी थक्क करतं. पण तो पत्ता वाचता येतो, कारण खरी गोष्ट दोन ठिकाणी लिहिलेली असते. नुसता ४,७५० हा आकडा स्वतःबद्दल काहीच बोलत नाही. प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे असा दोनदा लिहिण्याची ही द्विनोंदी पद्धत ल्यूका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात मांडली. तिथले व्यापारी ती आधीपासून वापरतच होते. आज दुकानातल्या कॉम्प्युटरवर चालणारं टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअरही त्याच पायावर उभं आहे.

यंत्राच्या पोटातही हाच न्याय चालतो. मे २००३ मध्ये बेल्जियममधल्या शारबेक इथे यंत्रावर मतदान झालं आणि एका उमेदवाराच्या खात्यात ४,०९६ मतं जास्त दिसली. इतकी मतं पडणं शक्यच नव्हतं, म्हणून ती लक्षात आली. आता हा आकडा पाहा: दोनचा बारावा घात, बरोबर ४,०९६. यंत्र आकडे शून्य आणि एक अशा बिटांत लिहितं; मेमरीतला तेरावा बिट शून्याचा एक झाला होता, आणि फरकानेच त्याच्याकडे बोट दाखवलं. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला नाही. अवकाशातून आलेल्या एखाद्या कणाने तो बिट उलटवला असावा, हाच सर्वांत संभाव्य खुलासा मानला गेला.

अशी चूक यंत्राला स्वतःच दुरुस्त करता येईल का? अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञाला हा प्रश्न छळत होता. शनिवार-रविवारी त्याचं काम यंत्रावर लावलेलं असे, आणि चूक आढळली की यंत्र ते काम सोडून देई. चूक झाली हे यंत्राला कळतं, तर कुठे झाली हे का कळू नये? १९५० साली त्याने उत्तर प्रसिद्ध केलं. चार बिट माहितीचे, त्यांच्या जोडीला तीन बिट पडताळणीचे, एकूण सात. पहिली पडताळणी १, ३, ५, ७ या जागांवर नजर ठेवते, दुसरी २, ३, ६, ७ वर, तिसरी ४, ५, ६, ७ वर. या तिघींची किंमत अनुक्रमे १, २ आणि ४. समजा पहिली आणि तिसरी बिघडली, दुसरी ठीक आहे. एक अधिक चार, पाच. पाचव्या जागेवरचा बिट चुकला आहे, तो उलटवा, झालं. एवढ्या साध्या बेरजेत चुकीचं घर सापडतं! सर्व्हरच्या मेमरीत याच विचारातून आलेले संकेत अहोरात्र राबत असतात.

आपल्याकडच्या दुकानातला डेटा मात्र बहुधा वीज गेल्याने बिघडतो.

सांगलीतल्या हळद पावडरच्या एका व्यापाऱ्याचं बिल घ्या. माल १,००,००० रुपयांचा, त्यावर सीजीएसटी २,५०० आणि एसजीएसटी २,५००. बिल ‘अ‍ॅक्सेप्ट’ केलं की आत बरीच लिखापढी होते. व्हाउचर लिहिलं जातं, गिऱ्हाइकाच्या नावे १,०५,००० लागतात, विक्री आणि दोन्ही करांची खाती बदलतात, गोदामातला साठा घटतो, येणेबाकी वाढते, आणि हे सगळं पुढे झटकन सापडावं म्हणून सूचीतही नोंदवलं जातं. आपल्याला तो एक क्षण वाटतो, डिस्कला मात्र ही कामं एकामागून एक करावी लागतात. त्यातच विंडोज ‘सेव्ह झालं’ म्हणतं तेव्हा काही मजकूर अजून मेमरीतच रेंगाळत असू शकतो. नेमके तेव्हाच दिवे गेले, तर व्हाउचर आहे पण सूचीत त्याचा ठिकाणा नाही, किंवा सूचीत ठिकाणा आहे आणि तिथे व्हाउचरच नाही.

यावरचा उपाय मोठ्या डेटाबेसांनी कधीच शोधला आहे. आयबीएममध्ये १९७०च्या दशकात जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर पायाभूत काम केलं. मूळ नोंदीला हात लावण्याआधी ‘मी हे हे बदलणार आहे’ असं एका वेगळ्या फाइलीत लिहून ठेवायचं. मध्येच वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना यंत्र ती फाइल वाचतं आणि काम पूर्ण तरी करतं, नाहीतर पूर्ण मागे तरी घेतं. अर्धवट काही ठेवत नाही. इथेही तीच गोष्ट, दोन ठिकाणी लिहिणं. पण छोट्या धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय किती पक्की आहे यावर विसंबून राहू नये. यूपीएसची दहा मिनिटं म्हणूनच मोलाची. दोन-तीन जण एकाच डेटावर काम करत असतील तर वाय-फायऐवजी केबल लावावी. चालू डेटाचं फोल्डर ऑनलाइन ड्राइव्हसारख्या ठिकाणी आपोआप सिंक व्हायला ठेवू नये. लिहिणं अर्ध्यावर असताना सिंक ती फाइल उचलू शकतं.

आणि तरीही डेटा बिघडलाच तर? टॅलीत दुरुस्तीची सोय असते. ईआरपी ९ या जुन्या आवृत्तीत ती ‘रीराइट’ होती, कंट्रोल-ऑल्ट-आर दाबून चालणारी; टॅलीप्राइममध्ये ती डेटाच्या मेनूत ‘रिपेअर’ नावाने आहे. अशी दुरुस्ती साधारणपणे मूळ नोंदी एकेक वाचते, धड आहेत त्या उचलते आणि सूची व शिलकी त्यांच्यावरून नव्याने बांधते. सूची पुन्हा बांधता येते, कारण तिच्यातली प्रत्येक गोष्ट मूळ नोंदीतून आलेली असते. मूळ नोंदच फाटली असेल तर मात्र दुरुस्ती तिला गाळून पुढे जाऊ शकते. म्हणून काहीही करण्याआधी बिघडलेलं फोल्डर जसंच्या तसं दुसरीकडे कॉपी करायचं आणि प्रयोग त्या कॉपीवर करायचे. घाईघाईत एकुलत्या एका मूळ डेटावर तीन-तीनदा दुरुस्ती चालवणं मला फार धोक्याचं वाटतं.

बॅकअपबद्दल एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. रोज त्याच फाइलवर नवा बॅकअप चढवत गेलात, तर मंगळवारी गुपचूप बिघडलेला डेटा त्याच दिवशी सोमवारची चांगली प्रत पुसून टाकतो. वारागणिक वेगळी प्रत हवी, महिन्याची वेगळी हवी, त्यातली एक दुकानाबाहेर हवी. आणि अधूनमधून ती रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून, तेरीज उघडून पाहायला हवी. कंपनी म्हणून नोंदलेल्या धंद्यांना तर २०२२ पासून भारतातल्या सर्व्हरवर रोजचा बॅकअप ठेवणं नियमानेच बंधनकारक आहे.

दुरुस्तीत गळालेली बिलं तरीही शोधता येतात, आणि या शोधात मला सगळ्यात जास्त नवल वाटतं. आपली विक्री ही समोरच्याची खरेदी असते. ते १,०५,००० रुपये बँकेत आले असतील तर स्टेटमेंटमध्ये जमा दिसतात. जीएसटीचं रिटर्न भरलेलं असेल तर जीएसटीआर-१ मध्ये ते बिल नंबर, तारीख आणि करासकट असतं. किरकोळ गिऱ्हाइकांची विक्री तिथे बहुतेक एकत्रच दिसते, तेवढी आपल्या बिलबुकातून काढावी लागते. नोंदणीकृत व्यापाऱ्याला माल दिला असेल तर हेच बिल त्याच्या जीएसटीआर-२बी या विवरणातही उतरलेलं असतं. त्याला फोन करून आपल्या नावाचा खातेउतारा मागवायचा, आपल्या खात्याशेजारी ठेवायचा आणि जमा-नावे उलट धरून ओळीमागून ओळ टिकमार्क करत जायचं. त्याच्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही, अशी जी ओळ उरेल, तेच आपलं हरवलेलं व्हाउचर.