चुन्याची भट्टी आणि उष्णतेचा हिशेब

श्रीगणेश चतुर्थी जवळ आली की पेडणे आणि डिचोली तालुक्यांत घरोघरी भिंतींच्या डागडुजीस आरंभ होतो. ज्या घरांत अद्याप चुन्याची सफेती करण्याचा प्रघात आहे, तेथील वडीलधारी मंडळी कळीचा चुना पाण्यात टाकताना मुलांना दूर उभे राहावयास सांगतात. त्यास कारणही तसेच आहे. खाली चूल नसताना ते पाणी खदखदू लागते, वाफा निघतात आणि भांड्यास हात लावणे अशक्य होते. ही उष्णता येते कोठून, असा प्रश्न माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याने अवश्य विचारावा. कारण रासायनिक अभिक्रियांतील ऊर्जाबदलांचा संपूर्ण पाठ त्या एका भांड्यात सामावलेला आहे.

उत्तर शोधण्यासाठी चुन्याच्या भट्टीकडे वळावयास हवे. शापोरा व तेरेखोल या नद्यांत तिसऱ्या आणि कालवे सापडतात. त्यांचे शिंपले मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. चुनखडीचा दगडही त्याच पदार्थाचा. हे द्रव्य सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानात भाजले असता त्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना शिल्लक राहतो. १०० ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटपासून ५६ ग्रॅम चुना व ४४ ग्रॅम वायू मिळतो आणि या विघटनात १७८ किलोज्यूल उष्णता शोषली जाते. अशा अभिक्रियेस उष्माग्राही अभिक्रिया म्हणतात.

अणूंना जखडून ठेवणारे बंध तोडावयास ऊर्जा लागते. नवे बंध जुळताना ऊर्जा मुक्त होते. तोडण्यास लागणारी ऊर्जा अधिक असेल तर अभिक्रिया उष्माग्राही ठरते, जुळताना मिळणारी अधिक असेल तर उष्मादायी. भट्टीतील सरपण किंवा कोळसा जळणे ही उष्मादायी अभिक्रिया होय. १२ ग्रॅम शुद्ध कार्बन पूर्णपणे जळाल्यास सुमारे ३९४ किलोज्यूल उष्णता मिळते. एका अभिक्रियेने दिलेली उष्णता दुसरी अभिक्रिया घेते, म्हणूनच भट्टी चालते.

मग भट्टीत शोषलेली ती १७८ किलोज्यूल ऊर्जा नष्ट झाली काय? मुळीच नाही. वरील ५६ ग्रॅम चुन्याचा पाण्याशी संयोग होताच त्यातील ६५ किलोज्यूल आपल्यासमोर वाफेच्या रूपाने प्रकट होतात. या प्रमाणाने एक किलो शुद्ध कळीच्या चुन्यातून निघणारी उष्णता ३० अंशांचे सुमारे ४ लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी असते. पुढे हाच विरलेला चुना भिंतीवर चढतो, हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो. या वेळी उरलेले ११३ किलोज्यूल मुक्त होतात. परंतु ही क्रिया इतक्या संथपणे चालते की भिंतीला हात लावून ती कोणास जाणवत नाही. ६५ आणि ११३ यांची बेरीज बरोबर १७८ होते. अभिक्रिया एका टप्प्यात होवो वा अनेक, उष्णतेचा एकूण जमाखर्च तोच राहतो, हा नियम हेस या शास्त्रज्ञाने १८४० साली मांडला.

पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ सालचे. त्यापूर्वीच्या गोव्यात चिऱ्यांच्या भिंतींना चुन्याचाच गिलावा होत असे. डिचोली तालुक्यातील नार्वे येथील ज्या श्री सप्तकोटेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला, तेही त्याच काळातील. तत्कालीन गवंड्यास किलोज्यूल हा शब्द ठाऊक नव्हता. चुना भाजावा, विरवावा आणि सुकू द्यावा, हा क्रम मात्र तो अचूक जाणत होता.

डिचोलीच्या लोहखनिजाची कथाही याच स्वरूपाची आहे. आमोणे येथील झोतभट्टीत कोक जाळून मिळणाऱ्या उष्णतेच्या व वायूच्या साहाय्याने खनिजातील ऑक्सिजन काढून लोखंड वेगळे केले जाते. तेच लोखंड पावसाळ्यात गंजते, तेव्हा ते ऑक्सिजनशी पुन्हा संयोग पावून उष्णता हळूहळू परत करीत असते.

हे ज्ञान केवळ परीक्षेपुरते नाही. कळीच्या चुन्यावर थोडे पाणी ओतल्यास तो एकाएकी तापून उसळतो; म्हणून मोठ्या भांड्यात आधी भरपूर पाणी घ्यावे आणि त्यात चुना थोडा थोडा सोडावा. प्लॅस्टिकचे भांडे वापरू नये आणि डोळ्यांवर चष्मा असावा. विरून थंड झालेला चुनाही तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे डोळ्यास घातक असतो. पानतंबाखूच्या चुन्याच्या पुड्या व नळ्या मुलांच्या हाती देऊ नयेत. चुना डोळ्यात गेल्यास डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याच्या धारेखाली किमान अर्धा तास धुवावा आणि त्वरित आरोग्य केंद्र गाठावे.

शिक्षकांनी वर्गात कळीचा चुना न वापरता लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा टाकून तापमापी धरावी. फेस येईल आणि पारा खाली उतरेल. उष्माग्राही अभिक्रिया मुलांना डोळ्यांनी दिसेल. मग घरच्या चुन्याच्या भांड्याचा विषय काढावा. तेथील ऊब ही भट्टीत कधीतरी शोषलेल्या उष्णतेचीच परतफेड आहे, हे मुलांच्या ध्यानी येण्यास वेळ लागणार नाही.